एकुलत्या एकाचे खेळ : ठाणे-नवी मुंबईतल्या दुपारी

चरईची गॅलरी

लगोरी, डबा ऐसपैस, विषामृत, आट्यापाट्या यांच्या आठवणी आपण सगळ्यांनी पुष्कळ लिहिल्या आहेत. पण हे सगळे भिडू लागणारे खेळ. घरात भावंड नाही, आईबाबा दोघं नोकरीला, शाळा सकाळची आणि खाली पोरं जमणार ती ऊन उतरल्यावर. मधल्या वेळात एकुलतं एक मूल काय खेळायचं, यावर फारसं कुणी लिहीत नाही. म्हणून या मंचावर हा धागा काढतोय.

माझं बालपण ऐंशीच्या दशकातल्या ठाण्यातलं. चरईत दोन मजली इमारत, लाकडी जिना, सगळ्या बिऱ्हाडांपुढून जाणारी एकच लांब गॅलरी. बाबा लोकलने व्हीटीला, आई दुपारच्या शाळेत शिकवायला. किल्ली शेजारच्या काकूंकडे, ताट झाकून ठेवलेलं. जेवलो की दुपार माझी.

माझा मुख्य खेळ बुक क्रिकेट. वर्गात बाकाखाली दोघं खेळतात तेवढ्यापुरता नव्हे, मी अख्खा कसोटी सामना एकटा खेळायचो. पुस्तक उघडायचं, डाव्या पानाच्या आकड्यातला शेवटचा अंक म्हणजे धावा, शून्य आला की आऊट. बालभारतीचं पुस्तक या कामाला चालत नाही. वापरून वापरून ते ठरावीक पानांवरच उघडतं आणि एकच फलंदाज दिवसभर खेळत राहतो. मी टेलिफोन डिरेक्टरी वापरायचो. आमच्याकडे फोन नव्हता, पण खालच्या मजल्यावरच्या वकिलांकडे नवी डिरेक्टरी आली की जुनी माझ्याकडे यायची. जाडजूड, पातळ कागदाची, कुठेही उघडणारी. शंभर पानी वहीत पट्टीने रकाने आखलेले. फलंदाज, कसा बाद, कुणी बाद केला, धावा. कॅच की एलबीडब्ल्यू हे उजव्या पानावरच्या पहिल्या आडनावाच्या अक्षरावरून ठरायचं. क-वर्गातलं अक्षर आलं तर कॅच, प-वर्गातलं आलं तर पायचीत. डिरेक्टरी इंग्रजी असल्यामुळे आडनाव आधी मनात मराठीत लिहून बघावं लागे.

भारत विरुद्ध वेस्ट इंडिज. दोन्हीकडून मीच. तरीही वेस्ट इंडिज जिंकली तर जिंकली असंच लिहायचं. गावसकर शून्यावर गेला म्हणून पान परत उलटायचं नाही. हा नियम मला कुणी घालून दिला नव्हता आणि मोडला असता तर कुणाला कळलंही नसतं. पण मोडला की खेळच संपतो, हे फार लवकर समजलं होतं.

कॅरमचंही तेच. काळ्या सोंगट्या माझ्या, पांढऱ्या 'त्याच्या'. बोर्ड फिरवायचा नाही, आपण उठून समोर जाऊन बसायचं. समोरून बघितलं की बोर्ड वेगळाच दिसतो, आणि मघाशी आपण अडवून ठेवलेली सोंगटी आता आपल्यालाच काढायची असते.

येणारे-जाणारे म्हणायचे, "बिचारा, एकटाच असतो." मला त्याचं नवल वाटायचं, कारण मी सामन्यात असायचो. आज माझी मुलगीही एकुलती एक आहे. तिला भावंड नाही याची मला काळजी वाटत नाही. तिला दुपार नाही, याची वाटते. शाळेची बस चार वाजता सोडते, मग अबॅकस, मग पोहणं, मग गृहपाठ. सामना लावायला सलग वेळच नाही. तुम्ही एकट्याने काय खेळायचात ते सविस्तर लिहा. नियमांसकट लिहा.

गजगा

छान धागा. नियमांसकट म्हणालात, तेव्हा लिहितेच.

आम्ही वाशीला राहायला आलो तेव्हा वाशी म्हणजे सिडकोच्या इमारती, त्यांच्यामधलं माळरान आणि वारा. लोकल आली 1992 मध्ये, त्याआधी सगळा भरवसा खाडीपुलावरून जाणाऱ्या बसवर. आमच्या जिन्यातली निम्मी घरं बंद. त्यामुळे मी घरातही एकटी आणि मजल्यावरही.

दोन खेळ होते. एक, रेती. बांधकामं चालूच असायची, जागोजागी रेतीचे ढीग. त्या रेतीत शिंपले आणि बारके शंख निघायचे. ते गोळा करून धुवायचे, गच्चीत वाळवायचे आणि त्यांची वर्गवारी करायची. आकारावरून, रंगावरून, भोक आहे-नाही यावरून. भोकवाल्यांच्या माळा. फुटके वेगळे, त्यांचं 'गाव' मांडायचं. बिनफुटका लांबुडका शंख मिळाला की तो दिवस सोन्याचा.

दुसरा, सागरगोटे. हा खेळ एकटीने खेळण्यासाठीच जन्माला आला असावा असं माझं मत आहे. पाच गोटे पसरायचे, एक वर उडवायचा, तो खाली यायच्या आत जमिनीवरचा एक उचलायचा आणि वरचा झेलायचा. मग दोन-दोन, मग तीन आणि एक, मग चारही एकदम. शेवटी पाचही वर उडवून हाताच्या पंजावर, उलट्या बाजूने झेलायचे. दुसरी खेळाडू नसली तरी हरणं असतंच, कारण गोटा खाली पडतो. उचलताना बाजूच्या गोट्याला बोट लागलं तर डाव गेला. बोट लागलं हे फक्त मलाच कळायचं, म्हणून चरईकरांचं पान न उलटण्याचं वाक्य वाचून थांबले.

गोटा फरशीवर घासला की चांगला तापतो. तो चटका द्यायला भावंड लागतं. मी संध्याकाळी बाबा बसमधून उतरून घरी आले की त्यांच्या हाताला द्यायचे. ते दर वेळी दचकायचे. दर वेळी, अगदी मी आठवीत जाईपर्यंत.

त्रैराशिक

बुक क्रिकेटबद्दल थोडं गणित. मी शिकवतो, आणि शक्यता हा भाग सुरू करताना मुलांना हाच खेळ देतो.

डाव्या पानावर सम आकडा असतो. म्हणजे शेवटचा अंक 0, 2, 4, 6, 8 यांपैकी एक, आणि पुस्तक खरोखर कुठेही उघडत असेल तर पाचांची शक्यता सारखी. दर पाच वेळांत सरासरी एकदा विकेट. म्हणजे बाद होण्याआधी फलंदाजाला सरासरी चार यशस्वी चेंडू मिळतात. त्या चेंडूंवर सरासरी धावा 2, 4, 6, 8 यांची, म्हणजे 5. चार गुणिले पाच, माणशी 20. दहा विकेट, डाव 200. चरईकर, तुमच्या वहीतले डाव दोनशेच्या आगेमागे असणार. काही ठिकाणी 8 ला धाव नाही असा नियम असतो, तिथे सरासरी 3 वर येते, माणशी 12 आणि डाव 120.

मुलांना मी आधी पन्नास डाव खेळायला लावतो आणि मगच हे सांगतो. आपण लिहून ठेवलेल्या आकड्यांत हा 200 दडलेला होता हे कळतं तेव्हा वर्गात जो गलका होतो, तो मला फार आवडतो. एकट्याने खेळलेलं मूल इथे पुढे असतं, कारण त्याने वही ठेवलेली असते.

चरईची गॅलरी

त्रैराशिक, वही जपून ठेवली आहे. आत्ता काढून बघितली. 187, 214, 203, 162, 241. धन्यवाद, हे मला इतकी वर्षं माहीत नव्हतं!

शेवटची एसटी

मी थोडं वेगळं लिहिणार आहे, कुणी मनावर घेऊ नये.

मीही एकुलती एक. घोडबंदर रोडला नवीन टॉवर झाले तेव्हा आम्ही तिथे गेलो. सेफ्टी डोअर, लिफ्ट, वॉचमन. गॅलरी नाही, काकू नाहीत. आई सांगून जायची, कुणी बेल वाजवली तरी दार उघडायचं नाही. माझ्याकडे खेळणी भरपूर होती, बाहुल्या होत्या, व्हिडिओ गेम होता. खेळायचेही. पण मला ते एकटेपण आवडायचं नाही आणि आजही ते गोड करून सांगणं मला जमत नाही.

मला सगळ्यांत जास्त उणीव भांडणाची वाटायची. मे महिन्यात मामाकडे जायचो. तिथे पाच मामेभावंडं. पत्त्यांत चिटिंग, कैरीच्या फोडींवरून मारामारी, अर्ध्या तासाने सगळे एका ताटात. मला ते यायचंच नाही. मी हरले की दिवसभर रुसून बसायचे, आणि मी रुसले आहे हे त्यांच्या लक्षातसुद्धा यायचं नाही, कारण त्यांच्यात रुसवा इतका वेळ टिकतच नसे. सुट्टीच्या शेवटी कुठे ते थोडं जमायला लागायचं आणि खोपटला, म्हणजे ठाण्याच्या एसटी स्थानकात, परतायची एसटी यायची. घरी आल्यावर पहिले काही दिवस मी त्या पाचांच्या आवाजात एकटीच बोलायचे. प्रत्येकाचा आवाज वेगळा काढून. तोही खेळच म्हणायचा, पण तो आठवला की अजून पोटात कालवतं.

स्वतःच्या दोन्ही बाजूंनी खेळताना प्रामाणिक राहता येतं हे खरं. पण समोरचा अप्रामाणिक असेल तर काय करायचं, हे कॅरमच्या पलीकडे जाऊन स्वतःच बसल्याने शिकता येत नाही.

चरईची गॅलरी

तुमचं शेवटचं वाक्य पूर्णपणे पटलं. आणि तुमचा प्रतिसाद वाचून एक लक्षात आलं. मी एकटा होतो तो उघड्या दारात. गॅलरीतून कुणीतरी जाता-जाता डोकावायचं, "काय रे, किती झाले?" विचारायचं. स्कोअर विचारणारं कुणीतरी होतं. बंद सेफ्टी डोअरमागची दुपार आणि माझी दुपार एक नाही.

कोपरीचे आजोबा

माझं वय सत्त्याहत्तर. आमच्या काळी घराघरांत पाच-सहा मुलं, त्यामुळे एकुलता एक म्हटलं की लोक दोनदा वळून बघायचे. नवसाचा आहे का, असं आईला तोंडावर विचारायचे. मला झाडावर चढू देत नसत, तलावात उतरू देत नसत. तलावपाळीला गेलो तरी काठावर. एकच मूल म्हणून जीव मुठीत धरून वाढवलेलं.

मग मी रेल्वेलाईन धरली. ठाण्याला पहिली गाडी आली 16 एप्रिल 1853 ला, हे आम्हाला शाळेत अभिमानाने सांगत. रुळांजवळ जायला बंदी होती, पण कोपरीच्या बाजूने कुंपणापासून लांब उभं राहिलं तरी सगळं दिसायचं. मी मालगाडीचे डबे मोजायचो. इंजिनांचे नंबर वहीत. सगळ्यांत लाडकं म्हणजे 'खेकडा'. लांब नाकाडाचं, मध्ये सांधा असलेलं जुनं विजेचं इंजिन, चाकांच्या बाजूने मोठे दांडे पुढेमागे होणारे. डब्ल्यूसीजी-1 हे त्याचं खरं नाव मला पुष्कळ नंतर कळलं. खेकडा दिसला की वहीत तांबड्या पेन्सिलीने खूण. डबे मोजण्यात वॅगन, ब्रेकव्हॅन, टँकर असे वेगळे रकाने. मोजताना मध्येच लोकल आडवी आली की मोजणी बाद, पुढच्या गाडीपासून नव्याने.

त्या सवयीचा मला जन्मभर उपयोग झाला. हिशेबखात्यात नोकरी केली. आकड्यांच्या लांबलचक ओळी कंटाळा न येता तपासणं मला कधी जड गेलं नाही.

शेवटची एसटी ताई, तुमचं वाचून वाईट वाटलं. आमच्यावर नजर फार होती, तुमच्यावर कुणाचीच नव्हती.

बेलापूरचं अंगण

घराच्या रचनेचा मुद्दा निघालाच आहे तर आमच्या वसाहतीबद्दल लिहिलं पाहिजे. मी सीबीडी बेलापूरच्या आर्टिस्ट व्हिलेजमध्ये वाढलो. चार्ल्स कोरिया यांनी ऐंशीच्या दशकात हे आखलं. त्यातली गंमत अशी की सात घरं एका लहान अंगणाभोवती, अंगण साधारण 8 मीटर बाय 8 मीटर. अशी तीन अंगणं मिळून एकवीस घरं आणि त्यांच्या मधोमध 12 बाय 12 ची मोठी मोकळी जागा. तसे तीन गट मिळून आणखी मोठं, 20 बाय 20 चं पटांगण. भिंतीला भिंत चिकटलेली नाही, प्रत्येक घर सुटं.

लहान मुलाच्या बाजूने हे कसं होतं ते सांगतो. तीन-चार वर्षांचा असताना माझं जग म्हणजे ते सात घरांचं अंगण. आई ओट्यापाशी उभी राहून मला बघू शकायची. सहाव्या-सातव्या वर्षी मला एकवीस घरांच्या मोकळ्या जागेत जायची परवानगी मिळाली. तिथे गोट्या आणि भोवरा. सायकल आली तेव्हा मोठं पटांगण. एकदम रस्त्यावर कधी यावं लागलं नाही. घरात मी एकटाच होतो, पण उंबरठ्यापलीकडे सात घरांतली पोरं होती, लहानमोठी सगळ्या वयांची. आठ मीटरच्या अंगणात क्रिकेट खेळायचं तर बॉल उचलून मारता येत नाही. आमच्याकडे सरपटी शॉटवरच धावा. समोरच्या तुळशीला लागला की चार, आणि घरावर गेला की आऊट.

आता तिथली बरीच घरं वाढवली गेली आहेत, मजले चढले आहेत. ते घरमालकांच्या गरजेतून झालं, आणि कोरियांनीही घरं वाढवता येतील अशीच मांडणी केली होती. पण गाड्या अंगणात आल्या त्याचं मला वाईट वाटतं.

खारघर सेक्टरची आई

वाचनमात्र असते, पण आज लिहिते. माझा मुलगा पावणेपाच वर्षांचा, एकुलता एक. दुसरं मूल होऊ द्यायचं नाही हे आम्ही ठरवलं आहे आणि त्यावर घरच्यांकडून बरंच ऐकून घेतलं आहे. गेल्या काही महिन्यांपासून त्याला एक मित्र आहे जो आम्हाला दिसत नाही. जेवताना त्याच्यासाठी पाट मांडतो. गाडीत बसताना "थांब, तो अजून चढला नाही" म्हणतो. सासूबाई म्हणतात, एकटा वाढतोय म्हणून असं होतंय. मला रात्री झोप लागत नाही. कुणाच्या मुलांच्या बाबतीत असं झालंय का?

मधली सुट्टी

ताई, मी लहान मुलांसोबत समुपदेशक म्हणून काम करते. तुम्ही सांगितलंत त्यावरून घाबरण्यासारखं काही दिसत नाही. काल्पनिक मित्र ही त्या वयातली अगदी नेहमीची गोष्ट आहे. अमेरिकेत मार्जोरी टेलर यांनी यावर बरीच वर्षं काम केलं. त्यांच्या गटाच्या 2004 च्या अभ्यासात सात वर्षांपर्यंतच्या सुमारे 65 टक्के मुलांना कधी ना कधी असा सोबती होता, त्यात बाहुली किंवा अस्वलाला जिवंत मानणारी मुलंही धरलेली आहेत. पहिल्या आणि एकुलत्या मुलांत हे थोडं जास्त दिसतं, पण त्याचं कारण त्यांना काही बिघाड असतो असं नाही, त्यांना कल्पनेत रमायला मोकळा वेळ मिळतो. आणि बहुतेक मुलांना तो खोटा-खोटा आहे हे पक्कं माहीत असतं. तुम्ही फार गंभीरपणे प्रश्न विचारायला लागलात तर तोच तुम्हाला सांगेल, "आई, तो खरा नाहीये."

पाट मांडू द्या. त्याच्याशी खेळायला हट्टाने घुसू नका आणि त्याला हसू नका. मूल इतर मुलांना टाळत असेल, सतत भेदरलेलं असेल, तो मित्र कुणाला दुखवायला सांगत असेल, तर मात्र बालरोगतज्ज्ञांना दाखवा. एरवी नाही.

सासूबाईंसाठी आणखी एक. टोनी फाल्बो आणि डेनिस पोलिट यांनी 1986 मध्ये एकुलत्या मुलांवरचे 115 अभ्यास एकत्र तपासले. स्वभाव, मिळूनमिसळून वागणं यात एकुलती मुलं इतरांपेक्षा कमी पडत नाहीत असंच निघालं. आणि आता एकुलतं मूल हा अपवादही राहिलेला नाही. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्राचा जननदर (एका बाईमागे सरासरी मुलं) 1.7 आहे, म्हणजे तुमच्या मुलाच्या वर्गात त्याच्यासारखी बरीच असणार.

शेवटची एसटी, तुमचा अनुभव या आकड्यांनी खोटा ठरत नाही. सरासरी ठीक असली तरी एखाद्या मुलाची दुपार अवघड असू शकते. भांडण मिटवायची सवय लागते, आणि त्यासाठी सख्खं भावंडच हवं असं नाही, पण रोज भेटणारी तीच ती मुलं हवीत. आठवड्यातून एकदा ठरवून आणलेल्या 'प्लेडेट'मध्ये भांडण होऊ लागलं की दोन्ही आया मध्ये पडतात आणि ते मिटायच्या आधीच संपतं.

खारघर सेक्टरची आई

खूप खूप आभार. हा प्रतिसाद सासूबाईंना वाचून दाखवला. त्यांनी आज स्वतः दुसरा पाट मांडला.

बत्तीस गोट्या

ब्रेनव्हिटा कुणीच कसा काढला नाही! गोल प्लास्टिकचा पट, 33 खळगे, मधला रिकामा, बाकी 32 काचेच्या गोट्या. एका गोटीवरून दुसरी उडवायची, जिच्यावरून उडी मारली ती बाहेर. शेवटी एकच उरली आणि तीही मधोमध, तर जिंकलात. आम्ही वर्तकनगरला राहायचो. पावसाळ्यात खाली जाता यायचं नाही, तेव्हा खिडकीच्या कठड्यावर हा पट. गोट्या खळग्यात पडतानाचा तो टक-टक आवाज आणि बाहेर पत्र्यावर पाऊस.

एकतीस उड्या लागतात, पण एकाच गोटीच्या सलग उड्यांची एक चाल धरली तर 18 चालींत होतो. ते 1912 मध्ये बर्गहोल्ट नावाच्या माणसाने दाखवलं. मला 18 चालींत कधी जमलेला नाही. मध्यात एक उरवणं जमतं. नव्याने खेळणाऱ्यांना एकच सांगते, कोपऱ्यातल्या गोट्या शेवटासाठी ठेवू नका. त्या लवकर आत आणा, नाहीतर त्यांना काढायला शेजारी कुणी उरत नाही.

गजगा

+१ ब्रेनव्हिटाला. आणि मराठी ग्रंथ संग्रहालयाचं नाव राहू नये म्हणून लिहिते. 1893 ची संस्था. वाशीहून मावशीकडे ठाण्याला आले की ती मला तिथे न्यायची. भिडू न लागणारा सगळ्यांत मोठा खेळ वाचनाचाच.

शेवटची एसटी

मधली सुट्टी, तुम्ही लिहिलेलं तीनदा वाचलं. सरासरी वेगळी आणि एका मुलाची दुपार वेगळी, हे मला कुणीतरी आधी सांगायला हवं होतं. माझी मुलगी सहा वर्षांची आहे, एकच. आमच्या मजल्यावर चार घरं आहेत, त्यांतल्या दोघांत तिच्या वयाची मुलं. काल त्यांच्या आयांशी बोलले. शनिवारी दुपारी तीन ते सहा तिन्ही घरांची आतली-बाहेरची दारं उघडी ठेवायची, खाऊ एकीनेच द्यायचा, आणि रक्त येत नसेल तर मध्ये पडायचं नाही, असं ठरलंय.

गजगा, मला तिला सागरगोटे शिकवायचे आहेत. मलाच नीट येत नाहीत. आणि हल्ली मिळतात कुठे?

गजगा

अगं मिळतात की. जांभळी नाक्याला काष्ठौषधीच्या दुकानात 'लताकरंज' किंवा 'गजगा' म्हणून माग. औषधासाठी ठेवतात, म्हणून खेळण्यांच्या दुकानात शोधू नकोस. राखाडी, गुळगुळीत, तडा नसलेले बघून घे, आणि सगळे एका आकाराचे. पाच लागतात, पण सात-आठ घे, कपाटाखाली जातातच. मुलीची मूठ लहान असेल तर बारीक निवड, आणि पहिल्या आठवड्यात तिला फक्त एक उडवून तोच झेलायला दे, जमिनीवरचा उचलायची घाई नको. सतरंजीवर बसू नका, साध्या फरशीवर बसा. सतरंजीवर गोटा उचलताना बोटं अडकतात. त्या दोन मुलांपैकी कुणाचा लहान भाऊ-बहीण रांगत असेल तर खेळ झाल्यावर मोजून डब्यात ठेव, बी तोंडात जाता कामा नये.